वॉटसन रोडस्टर: डावीकडे वळण्यासाठीच घडवलेली गाडी

इंडियानापोलिसच्या अडीच मैलांच्या ट्रॅकवर उजवीकडचं वळण एकही नाही. चार वळणं, चारही डावी. प्रत्येकाला ९ अंश १२ मिनिटांचा कल आणि साधारण २५६ मीटरची त्रिज्या. अशा २०० फेऱ्या मारल्या की ५०० मैल, म्हणजे जवळपास ८०५ किलोमीटर होतात. ए. जे. वॉटसन यांच्या कॅलिफोर्नियातल्या ग्लेनडेलच्या वर्कशॉपमधली रोडस्टर या एकाच कामासाठी जन्मली. त्यांच्या गाड्यांनी १९५६, १९५९, १९६०, १९६२, १९६३ आणि १९६४ ची इंडी ५००, म्हणजे याच ट्रॅकवरची पाचशे मैलांची शर्यत, जिंकली. १९६१ ची विजेती, ए. जे. फॉइट यांची गाडी, फ्लॉइड ट्रेव्हिस यांनी बांधली होती, पण घडण वॉटसनचीच. पुढे इंजिन असलेल्या ओव्हल ट्रॅकच्या जुन्या गाड्यांपैकी एकच नीट समजून घ्यायची, किंवा ऐपत असेल तर विकत घ्यायची, असं ठरवलंत तर आमचं मत हिलाच. कारण तिची ताकद नव्हे. तिच्यात वजन नेमकं हवं तिथे आहे, आणि प्रत्येक भागाला पाना लावता येतो.

रोडस्टरची कल्पना मुळात वॉटसनची नाही. ते श्रेय फ्रँक कर्टिस यांचं. १९५२ पूर्वीच्या बहुतेक गाड्यांत ड्रायव्हर ड्राइव्हशाफ्टच्या वर, उंच बसायचा. माती-ट्रॅकवरच्या गाड्यांची ती रीत होती. कर्टिसनी १९५२ च्या ५००ए मध्ये इंजिन आणि ड्राइव्हशाफ्ट डावीकडे सरकवले आणि ड्रायव्हरला त्यांच्या उजव्या बाजूला, खाली बसवलं. इंजिन उजवीकडे ३६ अंश कललेलं होतं. बिल व्हुकोविच यांनी त्या गाडीत १५० फेऱ्या आघाडी घेतली, आणि दहापेक्षा कमी फेऱ्या उरलेल्या असताना स्टिअरिंगच्या जोडणीतला भाग तुटून गाडी भिंतीला लागली. १९५३ आणि १९५४ दोन्ही वर्षं त्यांनी याच गाडीत जिंकली. त्या तुटलेल्या भागाचा धडा आजही लागू आहे, त्याकडे पुढे येऊ.

डावीकडे वजन कशासाठी, हे आकड्यांत पाहिलं की लगेच पटतं. वळणावर वजन बाहेरच्या, म्हणजे उजव्या चाकांवर जातं. किती जातं ते तीन गोष्टींवर ठरतं: वळणाचा जोर, गुरुत्वमध्याची उंची आणि डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर. समजा गुरुत्वमध्य ३५ सेंटीमीटरवर आहे, चाकांमधलं अंतर १४० सेंटीमीटर आहे आणि कल वजा जाता जोर १ जी, म्हणजे गाडीच्या वजनाइतका आहे. ३५ भागिले १४०, म्हणजे एकूण वजनाचा पाव भाग उजवीकडे सरकला. उभी असताना ५०-५० असलेली गाडी वळणात २५-७५ होते. तीच गाडी उभी असताना डावीकडे ६० टक्के ठेवली तर वळणात ३५-६५. टायरवर दुप्पट भार टाकला म्हणून पकड दुप्पट होत नाही, थोडी कमीच वाढते. त्यामुळे चारही टायरांमध्ये भार जितका सारखा वाटला जाईल तितकी एकूण पकड जास्त. शिवाय उजवा पुढचा टायर कमी तापतो आणि जास्त टिकतो. रोडस्टरमध्ये इंजिन डावीकडे, ड्राइव्हशाफ्ट डावीकडे आणि तेलाची टाकीसुद्धा डाव्या बाजूला बॉडीच्या बाहेर टांगलेली असते, ती याचसाठी.

इंजिन आडवं करायचं की उभं ठेवायचं, यावर त्या काळात दोन पंथ होते. जॉर्ज सालिह यांनी १९५७ च्या बेलाँड स्पेशलमध्ये इंजिन जवळजवळ झोपवलं, आडव्या रेषेपासून फक्त १८ अंश वर. बॉनेट खाली आलं, वाऱ्याला आडवं येणारं क्षेत्रफळ घटलं, गुरुत्वमध्य खाली गेला. त्या एकाच गाडीत शर्यत १९५७ मध्ये सॅम हँक्स यांनी आणि १९५८ मध्ये जिमी ब्रायन यांनी जिंकून दाखवली. हा युक्तिवाद कच्चा नव्हता. तरी वॉटसननी इंजिन उभं ठेवलं, आणि आमच्या मते त्यांचंच बरोबर होतं. उजवीकडे झोपवलेल्या इंजिनाचं डोकं गाडीच्या मध्याकडे येतं, म्हणजे डावीकडे हवं असलेलं वजन परत उजवीकडे ढकललं जातं. उभं इंजिन सगळंच्या सगळं डावीकडे राहतं. तेल खाली गोळा होऊन पंपाकडे सहज जातं, स्पार्क प्लग हाताशी येतात, आणि ब्लॉक उचलायचा झाला तर सरळ वर उचलता येतो. उंचीतला तोटा खरा आहे, पण पाचशे मैलांच्या शर्यतीत देखभालीची सोय त्याहून मोलाची ठरते.

सस्पेन्शन पाहून आजच्या वाचकाला आश्चर्य वाटेल. पुढे अखंड अ‍ॅक्सल, मागेही अखंड अ‍ॅक्सल, आणि स्प्रिंगांच्या जागी आडवे टॉर्शन बार, म्हणजे पिळले जाऊन स्प्रिंगचं काम करणारे दांडे, चाकागणिक एक. ट्रॅक गुळगुळीत आणि वळण एकाच दिशेचं असल्यामुळे चाक रस्त्याशी काटकोनात धरून ठेवायला अखंड अ‍ॅक्सल चांगलाच उपयोगी पडतो. टॉर्शन बारच्या टोकाला समायोजनाचा स्क्रू असतो. तो पिळला की त्या कोपऱ्यावरचं वजन वाढतं. पण एक कोपरा वाढवला की तिरप्या समोरचा कोपराही वाढतो आणि उरलेले दोन हलके होतात. गाडी वळणात पुढून बाहेर सरकत असेल तर उजवा-पुढचा आणि डावा-मागचा कोपरा हलका करायचा. मागून घसरत असेल तर नेमकं उलट. एका वेळी स्क्रूची अर्धी फेरी पुरे, आणि प्रत्येक बदलानंतर चारही चाकांखाली वजनकाटे ठेवून मोजायचंच. अंदाजाने पिळलेला स्क्रू पुढच्या सगळ्या निष्कर्षांना फसवतो.

टॉर्शन बारबद्दल दोन सक्त सूचना. वापरलेला बार डावीकडून काढून उजवीकडे बसवू नका. तो एका दिशेच्या पिळाला सरावलेला असतो आणि उलटा पिळला की लवकर तुटतो. आणि बारवर ओरखडा उठू देऊ नका. पान्याचा बारीक चरासुद्धा भेगेची सुरुवात ठरतो.

मागच्या अ‍ॅक्सलमध्ये हॅलिब्रँडची क्विक-चेंज पेटी असते, म्हणजे गिअरचं गुणोत्तर झटपट बदलता येणारी. मुख्य गिअरच्या मागे दोन सरळ दात्यांचे गिअर, त्यावर एक झाकण. तेल काढा, झाकण उघडा, जोडी बदला, झाकण लावा. गाडी उचलून अ‍ॅक्सल उतरवायची गरजच नाही. सकाळी थंड हवेत एक जोडी आणि दुपारी वारा फिरल्यावर दुसरी, इतकं ते सोपं आहे. बहुतेक गाड्यांत डिफरन्शियल नसतो, दोन्ही मागची चाकं एकत्र फिरतात. म्हणून उजवा टायर किंचित मोठा लावायचा. किती मोठा? चाकांमधलं अंतर भागिले वळणाची त्रिज्या: १.४ भागिले २५६, म्हणजे सुमारे अर्धा टक्का. २.३५ मीटर घेराच्या टायरला हा फरक ११ ते १३ मिलिमीटर भरतो. टायर गरम असताना, शर्यतीच्या हवेच्या दाबावर फीत लावून मोजा; थंड टायरचं माप खोटं निघतं.

आता इंजिन. ऑफेनहाउझर, सगळ्यांच्या तोंडी ऑफी. हॅरी मिलर यांच्या कारखान्यात लिओ गूसन यांच्या आराखड्यांवर याची मुळं रुजली. १९३३ मध्ये मिलर दिवाळखोरीत गेले, तेव्हा त्यांच्याच कारखान्यातले फ्रेड ऑफेनहाउझर यांनी ते काम पुढे चालवलं. १९४६ मध्ये इंडी तीनदा जिंकलेले लुई मायर आणि डेल ड्रेक यांनी ते विकत घेतलं. चार सिलिंडर, दोन ओव्हरहेड कॅमशाफ्ट, प्रत्येक सिलिंडरला चार व्हॉल्व्ह, पाच मुख्य बेअरिंग. रोडस्टरच्या सुरुवातीच्या काळात २७० घनइंच, आणि १९५७ च्या नियमाने मर्यादा ४.२ लिटरवर आल्यावर २५२ घनइंच. मिथेनॉल या अल्कोहोलच्या इंधनावर ४०० अश्वशक्तीच्या वर. १९५० ते १९६० या काळात इंडी ५०० फॉर्म्युला वनच्या जागतिक अजिंक्यपदातही मोजली जायची, आणि त्या अकराही शर्यतींत पहिले तिन्ही क्रमांक ऑफीनेच घेतले.

याच्या रचनेतली सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे सिलिंडर हेड आणि ब्लॉक एकाच ओतकामात आहेत. हेड गॅस्केट नाहीच, त्यामुळे ते फुटण्याचाही प्रश्न नाही. १२:१ च्या वरच्या कॉम्प्रेशनवर पाचशे मैल दामटायचं, तर हा फार मोठा फायदा. किंमत मोजावी लागते ती दुरुस्तीत. एक व्हॉल्व्ह घासायचा झाला तरी संपूर्ण ब्लॉक क्रँककेसवरून उचलावा लागतो, आणि व्हॉल्व्हच्या बैठकांवरचं काम सिलिंडरच्या आतून, लांब दांड्याची हत्यारं घालून करावं लागतं. क्रँककेस पिंपासारखी बंद गोल आहे. क्रँकशाफ्ट बेअरिंगच्या गोल आधारांसकट टोकाकडून आत सरकवायचा आणि मग ते आधार बोल्टने जखडायचे. यामुळे खालचा भाग विलक्षण ताठ होतो. पण जोडणीला सवयीचा हात लागतो, आणि घाईने केलेली जोडणी परत उघडावी लागते.

दुसरी गोष्ट थरथर. मोठ्या चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँकच्या दुप्पट वेगाचा उभा धक्का कायम असतो, आणि ऑफीत तो सहन करायला काहीच मधे नाही. नळ्यांचे आधार, तेलाच्या टाकीच्या पट्ट्या, एक्झॉस्टचे टाके (वेल्ड), रेडिएटरचे कान, सगळं हळूहळू तडकतं. म्हणून प्रत्येक महत्त्वाच्या बोल्टला तारेने बांधायचं, ताठ धातूच्या नळीऐवजी शक्य तिथे लवचीक नळी वापरायची, आणि टाकी रबराच्या बुशवर बसवायची. १९६३ मध्ये पार्नेली जोन्स यांच्या गाडीच्या बाहेरच्या तेलटाकीला चीर गेली. गाडीला काळा झेंडा दाखवून थांबवायचं का, यावर मुख्य पंच हार्लन फेंगलर यांच्यासमोर वाद रंगला. तेलाची पातळी चिरेच्या खाली गेल्यावर गळती थांबली आणि जोन्स जिंकले. आघाडीची गाडी त्या टाकीमुळे बाद व्हायची वेळ आली होती.

इंधनाची यंत्रणा हिलबॉर्नची, पूर्ण यांत्रिक. इंजिनाच्या वेगाबरोबर फिरणारा पंप सतत इंधन ढकलतो, थ्रॉटलशी जोडलेला बॅरल व्हॉल्व्ह ते चार नोझलांना वाटतो आणि उरलेलं परतीच्या वाटेने टाकीकडे जातं. मिश्रण बदलायचं ते या परतीच्या वाटेवरच्या जेटने. इथे नवखे हमखास फसतात: जेट मोठा केला की जास्त इंधन परत जातं, म्हणून मिश्रण पातळ होतं. जाड हवं तर जेट लहान. शंका असेल तेव्हा जाड बाजूला राहा. मिथेनॉल बाष्प होताना पेट्रोलच्या साधारण तिप्पट उष्णता शोषतं, त्यामुळे जाड मिश्रण इंजिनाला आतून थंड ठेवतं; पातळ मिश्रण पिस्टन वितळवतं, आणि तेही आधी काही न कळवता. फार जाड झालं तर कच्चं मिथेनॉल सिलिंडरच्या भिंतीवरून तेलात उतरतं आणि तेल दुधाळ दिसू लागतं. तसं दिसलं की तेल त्याच दिवशी बदला.

चालू करण्याचा क्रम पाळाच. आधी तेल आणि पाणी बाहेरून गरम करून भरायचं. थंड जाड तेलावर हे इंजिन फिरवणं म्हणजे बेअरिंगचं नुकसान. गाडीत स्टार्टर नाही, बाहेरचा स्टार्टर नाकातल्या भोकातून क्रँकला लावायचा. मॅग्नेटो (ठिणगी पुरवणारा भाग) बंद ठेवून, इंधन बंद ठेवून, तेलाचा दाब काट्यावर दिसेपर्यंत फिरवायचं. मग सिलिंडरमध्ये थोडं इंधन हाताने सोडायचं, मॅग्नेटो चालू, इंधनाचा नळ उघडायचा. पकडल्यावर लगेच थ्रॉटल मारू नका. पाणी तापेपर्यंत एकसारख्या मध्यम वेगावर ठेवा. गिअर दोनच, आणि पहिला फक्त पिटमधून बाहेर पडण्यापुरता.

बंद केल्यानंतरचं काम त्याहून महत्त्वाचं. मिथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि अ‍ॅल्युमिनियम, मॅग्नेशियम दोन्ही खातं. टाकीत आणि नळ्यांत राहिलं तर पंपात आणि नोझलमध्ये पांढरी भुकटी साचते. पुढच्या वेळी एक नोझल अर्धवट तुंबलेलं असतं आणि तोच एक सिलिंडर पातळ मिश्रणावर जळतो. म्हणून दिवस संपताना टाकी रिकामी करा, थोडं वंगण घातलेल्या पेट्रोलवर इंजिन काही वेळ चालवून पंप धुऊन काढा, फिल्टर उघडून पाहा. हंगामातून एकदा चारही नोझल चार सारख्या बाटल्यांत सोडून भरलेली पातळी ताडा. मिथेनॉल कातडीतून शरीरात शिरतं आणि डोळ्यांना कायमची इजा करू शकतं, तेव्हा हातमोजे आणि चष्मा लागतोच. त्याची ज्योत भर उन्हात दिसत नाही. भरणाऱ्याच्या शेजारी भरपूर पाणी घेऊन माणूस उभा हवा.

या गाडीची खरी कमजोरी तिच्या शेपटीत आहे. टाकीत साधारण २८० लिटर मिथेनॉल मावतं, म्हणजे सव्वादोनशे किलोच्या जवळपास. रिकाम्या गाडीचं वजनच साडेसातशे किलोच्या आसपास, तेव्हा हा भार थोडाथोडका नाही. आणि सगळा मागे. टाकी भरलेली असताना मागचे टायर दबलेले आणि पुढचे हलके. रिकामी होत गेली की तीच गाडी वेगळी वागते. सेटिंग करताना अर्ध्या टाकीवर जुळवावं आणि दोन्ही टोकांना ड्रायव्हरने सांभाळून घ्यावं, हाच व्यवहार्य मार्ग. वजनाचा परिणाम किती असतो ते १९६१ मध्ये उघड दिसलं. फॉइट यांच्या थांब्यात इंधन भरण्याची यंत्रणा बिघडली, गाडी हलकीच बाहेर पडली आणि एडी सॅक्स यांना मागे टाकून गेली. मग इंधनासाठी फॉइटना पुन्हा आत यावं लागलं. पण तीन फेऱ्या उरलेल्या असताना सॅक्स यांच्या मागच्या टायरचे धागे दिसू लागले, ते टायर बदलायला आत गेले आणि फॉइट जिंकले. १९६० मध्येही जिम रॅथमन आणि रॉजर वॉर्ड यांची झुंज टायरनेच मिटवली. त्या शर्यतीत आघाडी २९ वेळा बदलली, आणि शेवटी टायर झिजल्याचं दिसल्यावर वॉर्ड यांनी वेग कमी केला.

सुरक्षिततेबद्दल स्पष्ट बोलायला हवं. रोल बार सक्तीचा झाला तो १९५९ मध्ये, आणि सुरुवातीचे रोल बार आजच्या मापाने फार तोकडे आहेत. टाकीत रबरी पिशवी नाही, ड्रायव्हरच्या डाव्या मांडीजवळून ड्राइव्हशाफ्ट फिरतो. व्हुकोविच १९५५ मध्ये आघाडीवर असताना गेले, पॅट ओ'कॉनर १९५८ मध्ये. आज अशी गाडी चालवणाऱ्याने उंच रोल बार, आधुनिक पट्टे आणि टाकीत फ्युएल सेल (इंधनाची रबरी पिशवी) बसवावा. मूळ रूप बिघडतं अशी तक्रार करणाऱ्यांशी आम्ही सहमत नाही.

मग ही गाडी हरली कशामुळे? ताकदीमुळे नाही. १९६२ मध्ये जोन्स यांनी वॉटसनमध्येच पात्रता फेरीत ताशी १५० मैलांचा वेग पहिल्यांदा ओलांडला, सरासरी १५०.३७० मैल. पण १९६३ ची मागे इंजिन असलेली लोटस हलकी होती, पेट्रोलवर चालायची आणि एकाच थांब्यात जिम क्लार्क दुसरे आले. जोन्सना तीन थांबे लागले. मागे इंजिन ठेवल्याने लांब ड्राइव्हशाफ्ट गेला, ड्रायव्हर जवळजवळ आडवा झोपला, बॉडी अरुंद झाली. १९६४ मध्ये फॉइट यांनी १४७.३५० मैलांच्या सरासरीने जिंकलेली शर्यत हा पुढे इंजिन असलेल्या गाडीचा इंडीतला शेवटचा विजय. पुढच्याच वर्षी क्लार्क आणि लोटस-फोर्ड पहिले आले.

तुलनेसाठी आणखी एक गाडी पुण्याच्या वाचकांनी जरूर पाहावी: १९५२ ची कमिन्स डिझेल स्पेशल, क्रमांक २८. चॅसी कर्टिसची, ६.६ लिटरचं सहा सिलिंडरचं ट्रकचं डिझेल इंजिन जवळजवळ आडवं केलेलं, आणि त्यावर टर्बोचार्जर, इंडीत पहिल्यांदाच. फ्रेड अगाबाशियन यांनी पात्रता फेरीत १३८.०१० मैलांच्या वेगाने सुरुवातीची पहिली जागा पटकावली. पण टर्बोची हवा खेचण्याची जागा नाकात खाली होती. ट्रॅकवरचा कचरा आत ओढला जाऊन ती तुंबली आणि ७१ फेऱ्यांनंतर गाडी बाद झाली. १९६२ मध्ये पुण्यात किर्लोस्कर कमिन्स उभी राहिली ती याच कंपनीच्या भागीदारीत. कोलंबस, इंडियाना इथल्या कमिन्सने ही गाडी जपून ठेवली आहे.

वॉटसनकडे परत येऊ, विकत घेणाऱ्यासाठी. त्यांनी मोजक्याच रोडस्टर बांधल्या, आणि त्यांच्या घडणीच्या नकला त्या काळातही झाल्या, आजही होतात. नक्कल वाईट नसते, पण मूळ म्हणून विकली जात असेल तर चॅसीच्या नळ्यांवरचे जुने टाके, बंद केलेली भोकं आणि शर्यतीच्या काळातल्या फोटोंमधले तपशील ताडून पाहा. मॅग्नेशियमची मूळ चाकं भिंतीवर लावायची, ट्रॅकवर नवी ओतलेली वापरायची. जुन्या मॅग्नेशियममध्ये आतून गंज आणि भेगा असतात आणि रंगाखाली त्या दिसत नाहीत. स्टिअरिंगचा प्रत्येक हात, पिन आणि सांधा उतरवून चुंबकीय तपासणी करून घ्या, अ‍ॅक्सल आणि टॉर्शन बारसुद्धा. व्हुकोविच यांची १९५२ ची शर्यत अशाच एका तुकड्यावर गेली होती. इंजिनाचा ब्लॉक सुटा मागून घ्या आणि पाण्याच्या पोकळीवर दाब देऊन गळती तपासा. त्या एकाच ओतकामात हेडही असल्यामुळे भेग निघाली तर सौदा तिथेच थांबवावा.

नुसती पाहायची असेल तर इंडियानापोलिस मोटर स्पीडवेचं संग्रहालय ट्रॅकच्या आतच आहे. नूतनीकरणानंतर एप्रिल २०२५ मध्ये ते पुन्हा उघडलं. बेलाँड स्पेशल आणि फॉइट यांची १९६४ ची गाडी दोन्ही त्यांच्या संग्रहात आहेत, पण मांडलेल्या गाड्या बदलत राहतात, तेव्हा आधी चौकशी करून जा. गाडीच्या अगदी समोर, मधोमध उभं राहून पाहा: इंजिन किती डावीकडे आहे ते बाजूने कधीच कळत नाही. मग डावीकडे जाऊन तेलाच्या टाकीच्या पट्ट्या पाहा, आणि मागे जाऊन क्विक-चेंजचं झाकण किती मोजक्या नटांवर उभं आहे ते पाहा.